कण्हेरीचं वळण

सरांनी स्पीडगन उचलून समोरून येणाऱ्या ट्रकवर रोखली आणि ट्रकने गपकन वेग आवरला. नुसता आवरला नाही. ड्रायव्हरने घाईघाईने सीटबेल्ट ओढून छातीवर घेतला, हातातली सिगारेट बाहेर फेकली आणि जवळून जाताना सरांना चक्क सलाम ठोकला.

“बघितलंस?” सर म्हणाले.

“हो सर.” बारकीने आकडा टिपून घेतला.

“पट्टे बोलतायत, पट्टे!”

बारकी सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. तिचं नाव वेगळं होतं, पण आकड्यांतली केसाएवढी चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून सगळा विभाग तिला बारकी म्हणे. सरांनाही मुलांनी नाव ठेवलं होतं, गतिरोधक. सर बोलता बोलता मध्येच थांबत, आणि ते थांबले की मागे अख्खा वर्ग तुंबून राही. हे नाव सरांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना मनातून आवडलंही होतं. वाहतूक अभियांत्रिकी शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला याहून बरं नाव कुठलं मिळणार?

तर हे पट्टे. महामार्ग तिथे सरळसोट येतो आणि एका टेकाडाला वळसा घालतो. वळण संपतं न संपतं तोच शाळेचं फाटक. वळणाआधी सरांनी रस्त्यावर आडवे पांढरे पट्टे मारून घेतले होते. पहिले लांब लांब, पुढचे जवळ जवळ, वळणाशी तर एकमेकांना खेटून. त्यांवरून जाताना ड्रायव्हरला वाटतं की आपला वेग वाढतोय, आणि पाय आपसूक ब्रेकवर जातो. पोलीस नको, दंड नको, नुसता रंग! एवढ्या साध्या गोष्टीपायी सरांनी डोक्यावरचे केस घालवले होते. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी महामार्ग खात्याचे मुख्य अभियंता स्वतः येऊन पट्टे बघणार होते. त्यांनी मान डोलावली की साऱ्या धोक्याच्या वळणांवर असेच पट्टे. तेव्हा या पट्ट्यांना लोक कुणाच्या नावाने ओळखतील, याचाही सरांनी विचार करून ठेवला होता. फक्त तो बोलून दाखवला नव्हता.

समोरच्या बाजूला बस थांबली आणि सरांची बायको उतरली. ती त्याच शाळेत शिकवायची, त्यामुळे सगळ्या पंचक्रोशीची ती बाई होती. आणि खरं सांगायचं तर घरीही बाईच होती. बाईंनी उन्हाची छत्री उघडली, बसमधून उतरलेली मुलं मागे घेतली आणि रस्ता ओलांडायला सुरुवात केली. दोन ट्रक आणि एक टेम्पो शहाण्यासारखे थांबून राहिले.

“अहो, काय जादू केलीत हो!” सरांजवळ येऊन बाई म्हणाल्या. “पूर्वी जीव मुठीत धरून यायचे. आता डावी-उजवीकडे बघतसुद्धा नाही मी.”

“बघत जा गं,” सर म्हणाले खरे, पण त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

पट्ट्यांसाठी हेच वळण का निवडलं, असं खात्याने विचारलं तेव्हा सरांनी वळणाची त्रिज्या, उतार, नजरेच्या टप्प्यातलं अंतर अशी पानभर कारणं दिली होती. खरं कारण रोज सकाळी छत्री उघडून रस्ता ओलांडत असे.

मुख्य अभियंत्यांची भेट जवळ आली आणि नेमकी सरांची कंबर धरली. पडलेला मोजा उचलायला वाकले ते तसेच राहिले. बारकीला त्याच दिवशी विद्यापीठात समितीपुढे उभं राहायचं होतं. मोजणीत खंड पडायला नको म्हणून तिने रस्त्याकडेच्या खांबावरचा कॅमेरा चालू करून ठेवला. पट्टे मारण्याआधीची मोजणी याच कॅमेऱ्याने झाली होती. पट्टे मारल्यावरही तोच वापरायचा, असं सरांच्याच आराखड्यात लिहिलेलं होतं. पण आपल्या पट्ट्यांवर गाड्या हळू होताना आपल्या डोळ्यांनी बघायचा मोह सरांना आवरला नव्हता. पहिल्या दिवशी गंमत म्हणून उभे राहिले, आणि मग रोजच उभे राहायला लागले. कॅमेऱ्याची गरजच काय, असं स्वतःच म्हणाले.

सर कमरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पलंगावर पडले होते. पोटावर लॅपटॉप, लॅपटॉपवर वळण. पहिला ट्रक पट्ट्यांवरून जो सुसाट गेला तो वळणावरही तसाच गेला. त्यामागून मोटार गेली. त्यामागून दुधाची गाडी, तीही पेटल्यासारखी. सरांनी बारकीला फोन लावला.

“अगं, कॅमेऱ्याचं घड्याळ मागे पडतंय.”

“नाही सर, सकाळीच तपासलं. बरोबर आहे.”

“मग भिंगावर धूळ असेल.”

“धुळीने गाडीचा वेग कसा वाढेल, सर?”

सर थांबले. पलीकडून बारकी चाचरत म्हणाली, “सर, आज वेगळं एवढंच आहे की आपण तिथे नाही.”

“म्हणजे?”

“आपली नारिंगी जॅकेटं, विभागाची पांढरी जीप, तुमच्या हातात स्पीडगन, शिवाय तुमच्या मिशा... सर, मला वाटतं लोक आपल्याला पोलीस समजत होते.”

सरांनी फोन ठेवला. तो सलाम, तो सीटबेल्ट, ती फेकलेली सिगारेट, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि त्यांचे कान तापले. पहिल्या वर्षाच्या पोराने अशी मोजणी करून आणली असती तर वही तोंडावर फेकली असती त्यांनी. आणि इथे स्वतःच रस्त्यात उभं राहून स्वतःलाच मोजत होते!

तेवढ्यात पडद्यावर बस थांबली. बाई उतरल्या. आज मुलं नव्हती, मुलांची बस मागून येणार असावी. बाईंनी छत्री उघडली आणि इकडे तिकडे न बघता, घरच्या ओट्यावरून खाली उतरावं तसा रस्त्यात पाय टाकला. वळणावरून टेम्पो आला.

“अगं!” सर पलंगावर ओरडले. कंबर कडाडली.

बाई मागे उडाल्या. छत्री चाकाखाली गेली. टेम्पो थांबलाही नाही. बाई बराच वेळ कडेला छातीवर हात धरून उभ्या होत्या. मग त्यांनी छत्रीच्या काड्या गोळा केल्या, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, परत डावीकडे बघितलं आणि लहान मुलीसारख्या धावत पलीकडे गेल्या. सरांनी लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी बाई आल्या, चप्पल काढली, हातपाय धुतले, चहाचं आधण ठेवलं.

“छत्री कुठे गेली?” सरांनी आतून विचारलं.

“मोडली. वाऱ्याने उलटली.”

“आज वारा होता?”

“होता की. कंबर कशी आहे?”

बाईंनी चहा आणून दिला, पिशवीत गरम पाणी भरून दिलं आणि मुख्य अभियंता येतील त्या दिवशी कुठला शर्ट घालणार, असं विचारलं. निळा घाला म्हणाल्या, निळ्यात तुम्ही रुबाबदार दिसता. सरांनी चहाचा कप तसाच बाजूला ठेवून दिला.

मुख्य अभियंता आले ते लवाजम्यानिशी. वर दिवा असलेली गाडी, मागे खात्याची जीप, सोबत उपअभियंता, आणि सगळ्यांच्या अंगात कोरी नारिंगी जॅकेटं. साहेब गृहस्थ देहाने भक्कम, पण आडमुठे नव्हते. कमरेवर हात ठेवून ते पट्ट्यांशेजारी उभे राहिले आणि महामार्गाने त्यांच्यासमोर जी काही लोटांगणं घातली म्हणता! ट्रक गोगलगाय झाले. एका मोटारवाल्याने तर मागच्या सीटवरच्या आजीलाही सीटबेल्ट लावायला लावला. एक सायकलवाला सगळ्यांना मागे टाकून पुढे गेला.

“विलक्षण!” उपअभियंत्यांनी टाळ्या वाजवल्या.

“प्रोफेसर, अभिनंदन,” साहेब म्हणाले. “आणा कागद. इथेच सही करतो.” त्यांनी खिशातून पेन काढलं.

बारकीने फाईल छातीशी धरली होती. ती सरांकडे बघत होती. सर निळ्या शर्टात उभे होते. तोंड उघडलं आणि ते थांबले. वर्गात कधी थांबले नसतील इतके थांबले. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं. फाईल पुढे करायची, सही घ्यायची, पुढच्या आठवड्यात निवृत्त व्हायचं, की आयुष्याचं सोनं. आणि वर्षभराने कुठल्या तरी वळणावर कुणाची तरी बाई रस्त्यात पाय टाकेल, पट्ट्यांच्या भरवशावर.

“साहेब, सहीआधी एक विनंती आहे. आपण सगळे जरा त्या कण्हेरीमागे बसू या.”

“बसू या म्हणजे?”

“म्हणजे... लपू या.”

“लपू या?” उपअभियंता म्हणाले. “मुख्य अभियंत्यांनी?”

“दोन्ही गाड्या वळणापलीकडे पाठवून द्या. जॅकेटं काढा. वेगाचा खरा आकडा मला तुम्हाला दाखवायचाय.”

साहेबांनी सरांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे थट्टा दिसली नाही. मग त्यांनी पेन खिशाला लावलं, जॅकेट उतरवलं आणि रस्त्याकडेच्या दाट कण्हेरीमागे, गुडघ्यांचा कडकड आवाज करत, उकिडवे बसले. साहेब बसल्यावर उपअभियंत्यांचा काय इलाज! त्यांनी आधी रुमाल अंथरला. त्यांच्या शेजारी कंबर धरून सर, आणि कडेला बारकी. पानांतून स्पीडगनचं तोंड तेवढं बाहेर.

पहिला ट्रक आला आणि गेला. कण्हेरीची पानं फडफडली. साहेबांनी स्पीडगनचा आकडा वाचला आणि भुवया वर नेल्या.

“हा अपवाद असेल,” उपअभियंता म्हणाले.

मग बस गेली. मोटार गेली. मघाचा आजीवाला असावा तसा एक परतीच्या वाटेवर बेफाम गेला.

“आणखी किती अपवाद बघू?” साहेब म्हणाले. “हे काय आहे, प्रोफेसर?”

“पट्टे चालत नाहीत, साहेब. चालत होतो तो मी. आज तुम्ही.”

एवढ्यात एक टेम्पो कडेला थांबला. ड्रायव्हर उतरला आणि शीळ वाजवत, पँटच्या चेनला हात घालत थेट कण्हेरीकडेच आला. कुणाला काही सुचायच्या आत त्याने फांद्या बाजूला केल्या. आत चार माणसं उकिडवी बसलेली. दोघे इस्त्रीच्या कपड्यांतले, मध्ये मिशाळ गृहस्थ हातात स्पीडगन घेऊन, कडेला एक चष्मेवाली पोरगी आकडे लिहितेय. ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. तो ज्यासाठी आला होता तेही कुठल्या कुठे गेलं.

“साहेब, आईशप्पत, मी हळूच चाललो होतो!”

अशा वेळी पदाला शोभेल असं काय बोलायचं हे कुठल्या नियमावलीत नसतं. साहेब बसल्या बसल्याच भारदस्त आवाजात म्हणाले, “ठीक आहे. जा. सावकाश जा.”

ड्रायव्हर फांद्या हळूच परत जुळवून, मागे मागे चालत निघून गेला. त्याचा टेम्पो वळणावरून बैलगाडीसारखा जाताना सगळ्यांनी बघितला.

साहेब उठले, पँटवरच्या मुंग्या झटकल्या. “गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं, प्रोफेसर? मी सही करतच होतो.”

“माझी बायको हा रस्ता रोज ओलांडते, साहेब.”

फाईल तशीच परत गेली.

घरी बाई दारातच उभ्या होत्या. “झाले मंजूर?”

“नाही. मीच पाडले.” सरांनी बूट न काढताच खुर्चीत बसून सगळं सांगितलं. कॅमेरा, पोलीस, कण्हेर. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या दिवशी वारा नव्हता हो.”

“माहीत आहे. बघितलं मी.”

“म्हटलं, तुमचा एवढा मोठा दिवस जवळ आलाय. कशाला आपण...”

“आणि तू गेली असतीस तर?” सरांचा आवाज फाटला.

“तर मग पट्टे नापास झाले असते,” बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. सरही हसले. हसता हसता बाईंनी डोळे पुसले आणि मग सरांना बूट घालून घरात आल्याबद्दल यथेच्छ झापलं.

सर निवृत्त झाले. भाषणं झाली, हार पडला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यानंतरचे दिवस त्यांनी स्वयंपाकघरातले डबे वापराच्या क्रमाने लावण्यात घालवले. बाई पहिल्यांदा कौतुकाने बघत होत्या, मग त्यांना मीठ सापडेना. वळणाचं नाव घरात कुणी काढत नसे. फक्त रोज सकाळी बाई निघाल्या की सर दारापर्यंत येत आणि म्हणत, “बघून ओलांड.” आणि शाळेत पोचल्याचा फोन येईपर्यंत पेपर उलटा धरून बसत.

असेच काही महिने गेले आणि एक दिवस बारकी धापा टाकत घरी आली. तिने डब्यांच्या रांगेतच लॅपटॉप उघडला.

“सर, हे बघा. वळणावरचा वेग. खांबावरच्या कॅमेऱ्याने घेतलेला.”

पडद्यावरची रेघ जिन्यासारखी उतरत गेली होती.

“परत कोण उभं राहतंय तिथे?”

“कुणी नाही. सगळं चित्रण बघितलं मी. चिटपाखरू नाही.”

“मग पट्टे उशिरा लागू पडले म्हणायचे!” सर खुर्चीतून अर्धे उठले.

“सर, पट्टे खात्याने केव्हाच काळे फासून पुसले.”

“मग घड्याळ...”

“सर!”

दुसऱ्या दिवशी सर बाईंबरोबर त्यांच्या बसने निघाले. बारकीला म्हणाले, आता मी संशोधक नाही, प्रवासी आहे, तेव्हा माझ्यामुळे काही बिघडायचं नाही. बस सरळ रस्त्यावर चांगली दामटत होती. टेकाड दिसलं आणि ड्रायव्हरने वेग असा उतरवला की उभी माणसं पुढे झुकली. पुढचा ट्रकही हळू, मागची मोटारही हळू. रस्त्यावर ना पट्टा, ना पोलीस. सर सीटांना धरत धरत पुढे गेले.

“का हो, इथे एवढे हळू का झालात?”

“नवीन दिसताय,” ड्रायव्हर म्हणाला. त्याने हनुवटीनेच कडेची कण्हेर दाखवली आणि आवाज बारीक केला. “त्यात साहेब बसतात.”

“कोण साहेब?”

“मोठे! साधेसुधे नाहीत. चार जण असतात. स्पीडगन लावून. आमच्या टेम्पोवाल्याने डोळ्यांनी बघितलेत, खोटं नाही.”

“चार कुठले, सहा,” मागून एक प्रवासी म्हणाला. “एक मंत्री आहे त्यात.”

“बाईसुद्धा आहे एक. ती नंबर लिहून घेते,” दुसरी म्हणाली. “माझ्या दिराचा लिहिला होता. त्याने घाबरून महिनाभर गाडीच काढली नाही.”

“रोज असतात?” सरांनी विचारलं.

“तेच तर कळत नाही ना!” ड्रायव्हर म्हणाला. “दिसले असते तर प्रश्न नव्हता.”

सर आपल्या जागेवर येऊन बसले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे गदगदत होते. सरांना हसावं की रडावं कळेना. सारं आयुष्य ज्यासाठी आकडे जमवले, ते एका चेन उघडलेल्या माणसाने करून दाखवलं होतं.

पुढच्याच आठवड्यात रस्त्याकडेचं रान साफ करायला खात्याची माणसं कोयते घेऊन वळणावर आली. बाईंनी शाळेतून फोन केला आणि सरांनी धाडकन मुख्य अभियंत्यांना फोन लावून सगळी हकीकत सांगितली. पलीकडे हसण्याचा असा गडगडाट झाला की सरांनी फोन कानापासून लांब धरला.

“प्रोफेसर, माझाच ड्रायव्हर मला तिथे म्हणतो, साहेब, इथे जरा जपून घेतो. मी काय बोलणार? मान डोलावतो.”

दुपारपर्यंत आदेश निघाला. सदर झुडूप वाहतूक सुरक्षेच्या दृष्टीने जतन करण्यात यावे, अशा भाषेत. कोयतेवाले चक्रावून निघून गेले.

कण्हेर चिवट खरी, पण त्या वर्षीचा उन्हाळा तिच्याहून चिवट निघाला. पानं पिवळी पडून गळायला लागली. एका सकाळी सरांना फांद्यांतून आरपार पलीकडचं शेत दिसलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. आत कुणी नाही हे ज्या दिवशी लोकांना दिसेल, त्या दिवशी सगळं मुसळ केरात. तेव्हापासून सर पहिल्या बसने येऊ लागले. दोन हातांत पाण्याचे दोन कॅन. कुणी नाही असं बघून मागच्या बाजूने झुडपात शिरायचं, मुळाशी पाणी घालायचं, कुणी नाही असं बघून बाहेर यायचं.

त्या दिवशी पाणी मुरायला वेळ लागला आणि मुलांची बस येऊन थांबली. आता बाहेर पडणं शक्य नव्हतं. सर उकिडवे बसले, गुडघे चिखलात. पानांच्या फटीतून त्यांना बाई दिसल्या, मागे मुलांची रांग. ट्रक सावकाश येऊन थांबला. बाईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मुलांना घेऊन, कसली घाई नसल्यासारख्या, रस्ता ओलांडला. रांग झुडपाच्या अगदी जवळून गेली. शेवटचा मुलगा रेंगाळला.

“बाई, यात खरंच कुणी असतं का हो?”

बाईंची नजर खाली गेली. कण्हेरीच्या बुंध्याशी ओल होती आणि पानांतून चिखलाने भरलेला एक ओळखीचा बूट बाहेर आला होता.

“असतात तर,” बाई म्हणाल्या. “फार मोठे साहेब आहेत. चल, त्यांना काम करू दे.”

सरांनी बूट हळूच आत ओढून घेतला आणि रांग फाटकाच्या आत जाईपर्यंत श्वास रोखून बसून राहिले.